नेट फास्ट, तरी गेम अडकतोय: पिंगचा चोर घरात कसा शोधायचा

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना बसमध्ये किंवा लेक्चरला मागच्या बाकावर ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना काही आकडे घाईत गेले होते, ते इथे नीट लिहिलेत. कमांड्सचे मी उच्चार लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

तर प्रसंग डोळ्यासमोर आणा. रात्रीचे नऊ वाजलेत, मॅच रंगात आलीय. तुम्ही भिंतीआडून डोकावता, समोरचा दिसतो, गोळी झाडता, आणि स्क्रीन गोठते. अर्ध्या सेकंदाने पुन्हा हलते तेव्हा तुम्ही मेलेले असता. कोपऱ्यात पिंगचा आकडा लाल झालेला: ६४०.

हे आमच्या धाकट्याचं रोजचं झालं होतं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घर कराडला. मी नोकरीसाठी पुण्यात. त्यांच्या पाच जणांच्या टीमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती आणि ग्रुपवर कॅप्टनने स्पष्ट लिहिलं होतं, शनिवारपर्यंत याचं नेट नीट झालं नाही तर दुसरा घेऊ. ‘दादा, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? कर काहीतरी,’ असा फोन आला. आणि मी, बीटेक केलेला माणूस, त्याच्या दोन महिने आधीच फोनवरून सल्ला देऊन बसलो होतो की प्लॅन वाढवा. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवून ५० एमबीपीएसचा प्लॅन १५० चा केला, तोही सहा महिन्यांचे पैसे एकदम भरून. पिंगमध्ये फरक पडला शून्य.

तो सल्ला का चुकला, तिथूनच सुरू करू.

नेटचा स्पीड म्हणजे एका सेकंदात किती डेटा येतो. पिंग म्हणजे तुमचा एक छोटा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कराडहून मुंबईला ट्रकभर माल पाठवायचा असेल तर मोठा ट्रक लागतो. पण ‘पोचलो’ एवढंच सांगणारं पोस्टकार्ड मोठ्या ट्रकमध्ये ठेवलं म्हणून लवकर पोचत नाही. गेम पोस्टकार्डंच पाठवत असतो. सेकंदाला काही डझन पॅकेटं, प्रत्येक जेमतेम काहीशे बाइटांचं. खेळताना एक एमबीपीएससुद्धा क्वचितच लागतो. पण प्रत्येक पोस्टकार्ड वेळेवर जायला हवं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती मोजतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांच्या आत एकदा. तुमचं पॅकेट अर्ध्या सेकंदाने पोचलं तर तोवर साठेक हिशेब तुमच्याशिवाय होऊन गेलेले असतात.

(पिंग हे नाव कुठून आलं ते सांगायचा मोह आवरत नाही. १९८३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्युस यांनी हा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, त्या आवाजावरून नाव पडलं. चाळीस वर्षं झाली, अजून तेच हत्यार सगळ्यात कामाचं आहे.)

आता पहिली चाचणी, आणि ही बरेच जण विसरतात. अडकतंय ते नेट की फोन? गेमच्या सेटिंगमध्ये पिंग आणि एफपीएस दोन्ही दाखवायची सोय असते, दोन्ही चालू ठेवा. चित्र तुटक दिसतंय, एफपीएस ६० वरून २५ वर आलाय आणि पिंग मात्र शांत आहे, तर दोष नेटचा नाही. फोन तापलाय. प्रोसेसर गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. चार्जिंगला लावून, जाड कव्हर घालून, गादीवर ठेवून खेळत असाल तर तो तापणारच. कव्हर काढा, चार्जर काढा, बघा. या केसमध्ये राउटर बदलून काही मिळणार नाही.

एफपीएस ठीक आणि पिंग उड्या मारतोय? मग पुढे या.

मी शुक्रवारी रात्रीच कराडला पोचलो. स्पर्धा त्याच्या पुढच्या शनिवारी, म्हणजे हातात एक आठवडा. सगळ्यात आधी धाकट्याच्या लॅपटॉपवर तीन काळ्या खिडक्या उघडल्या. विंडोजमध्ये सर्चला ‘सीएमडी’ टाकलं की उघडते ती. तिघींमध्ये तीच कमांड: पिंग, स्पेस, डॅश टी, स्पेस, आणि पुढे पत्ता. डॅश टी म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहा. पत्ते तीन.

पहिला पत्ता घरच्या राउटरचा. बहुतेक घरी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. खात्री करायची तर ‘आयपीकॉन्फिग’ कमांड द्या आणि ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा बघा. दुसरा पत्ता नेटवाल्याकडचा पहिला टप्पा. त्यासाठी ‘ट्रेसआरटी’, स्पेस, ८.८.८.८ अशी कमांड द्या, म्हणजे ट्रेस या इंग्रजी शब्दाच्या पुढे आर आणि टी जोडून येणारा, ‘टी-आर-ए-सी-ई-आर-टी’ असा शब्द. जी यादी येते त्यात पहिली ओळ तुमचा राउटर, दुसरी बहुतेक वेळा नेटवाला. तिथे चांदण्या दिसल्या तर तो उत्तर देत नाही, मग तिसरी ओळ घ्या. तिसरा पत्ता बाहेरच्या जगातला, गूगलचा ८.८.८.८ चालतो.

फोनवर खेळणाऱ्यांना लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. प्ले स्टोअरवर पिंग करणारी फुकट अ‍ॅप्स भरपूर आहेत, त्यातलं कुठलंही चालेल.

हे तीन आकडे का? कारण ‘नेट स्लो आहे’ हे वाक्य डॉक्टरला ‘अंग दुखतंय’ म्हणण्यासारखं आहे. कुठे दुखतंय ते तीन खिडक्या सांगतात. राउटरपर्यंतचाच पिंग उड्या मारत असेल तर आजार घरात, वायफायमध्ये. राउटर शांत आणि दुसरी खिडकी वेडी झाली असेल तर आजार राउटर आणि नेटवाल्याच्या मधल्या तारेवर. पहिल्या दोन शांत आणि तिसरी किंवा फक्त गेमच उड्या मारत असेल तर आजार पुढे कुठेतरी, रस्त्यात किंवा सर्व्हरवर.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रेसच्या यादीत मधल्याच एका ओळीचा आकडा मोठा आणि त्याच्या पुढच्या सगळ्या ओळी लहान असतील तर घाबरू नका. मोठे राउटर स्वतःच्या नावाने आलेल्या पिंगला सावकाश उत्तर देतात, पण पुढे जाणारं पॅकेट अडवत नाहीत. आकडा वाढून शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच खरा.

आमच्याकडे काय दिसलं? संध्याकाळी सातला पहिली खिडकी, म्हणजे राउटर: ३, ४, ३, ८५, ४, ३, १४०, ५. म्हणजे घरातल्या घरातच धक्के बसत होते. राउटर खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये. शोभा जाऊ नये म्हणून समोर फ्रेम केलेला फोटो. धाकट्याची खोली वरच्या मजल्यावर, मध्ये स्लॅब. आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला.

वायफायची गंमत अशी की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. लग्नाच्या पंगतीत दोघे एकदम ओरडले तर वाढप्याला कुणाचंच कळत नाही, दोघांनाही पुन्हा ओरडावं लागतं. तसंच. आणि ही पंगत फक्त तुमच्या घराची नाही, शेजाऱ्यांचे राउटरही त्याच चॅनेलवर बोलत असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ इअरफोन, आणि मायक्रोवेव्ह चालू केला तर तोही गोंगाट करतो. पाच गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, गर्दी कमी, पण भिंत आणि स्लॅब त्याला फार झेपत नाहीत. एकाच खोलीत असाल तर डोळे झाकून ५ गिगाहर्ट्झ. मध्ये स्लॅब असेल तर आधी राउटर हलवा. तो उंचावर, उघड्यावर, घराच्या मधोमध हवा.

आम्ही सरळ वायर टाकली. बाबांनी ड्रिलने जिन्याजवळच्या चौकटीत भोक पाडलं, मी वीस मीटर कॅट-सिक्स केबल ओढली. फोनवाल्यांनो, तुमच्यासाठी पण सांगतो: बऱ्याच अँड्रॉइड फोनना टाइप-सी ते लॅन असा अ‍ॅडॅप्टर लावून वायरने नेट देता येतं. दिसायला विचित्र दिसतं, पण चालतं.

वायर लागली आणि पहिली खिडकी १, १, १, १ अशी सरळ रेघ. धाकट्याने मला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. मी मनातल्या मनात पुण्याची बस पकडली.

मग नऊ वाजले.

पहिली खिडकी १. दुसरी ६२०. तिसरी ६४०. जवळजवळ पाऊण तास. पावणेदहाला आपोआप १५ वर.

आता तुम्हीच सांगा, वरचा नियम वाचून तुम्ही काय म्हणाल? राउटर शांत, दुसरी खिडकी वेडी. म्हणजे नेटवाल्याचा दोष! शिवाय वेळ रात्री नऊची, सगळं गाव नेटवर. मी पण तेच म्हणालो. नेटवाल्याला फोन लावला आणि, कबूल करतो, आवाज चढवून बोललो. ‘तुम्ही एका लाइनवर किती कनेक्शन देता’ वगैरे.

दुसऱ्या दिवशी शनिवारी रात्री, बरोबर नऊला, त्यांचा लाइनचा माणूस आला. पन्नाशीचा, शांत. त्याने आधी छोट्या मीटरने फायबरचा सिग्नल मोजला, उणे १९ च्या आसपास, म्हणजे उत्तम. मग त्याने काय केलं, आमचा राउटर काढला आणि लॅपटॉप थेट त्याच्या डब्याला जोडला. त्या क्षणी पिंग १४. राउटर परत लावला, ६००. पुन्हा काढला, १४. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘साहेब, लाइन रिकामी आहे. तुमच्या घरातलंच कुणीतरी खातंय.’

चहा घेऊन तो गेला. मी थोडा वेळ गप्प बसलो.

मग एकेक फोनचं वायफाय बंद करत गेलो. बाबांचा: ६१०. माझा: ६३०. टीव्ही: ६२५. आईचा फोन चार्जिंगला लावलेला होता, तो एरोप्लेन मोडवर टाकला. १६.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गात मुलांचे वाचनाचे, कवितांचे व्हिडिओ काढते. दिवसभर फोन मोबाइल डेटावर. रात्री जेवणं, ओटा आवरून नऊला फोन चार्जिंगला लावते. आणि फोटोंचा बॅकअप नेमका तेव्हाच सुरू होतो, कारण त्याला हवं असतं वायफाय आणि चार्जर. साध्या १०८० पिक्सेलच्या एका मिनिटाच्या व्हिडिओचे साधारण सव्वाशे ते दीडशे एमबी होतात. वीसेक मिनिटांचं शूटिंग म्हणजे जवळजवळ तीन जीबी. आमच्या प्लॅनचा अपलोड १० एमबीपीएस. तीन जीबीला चाळीस मिनिटं लागतात. पाऊण तासाचं कोडं सुटलं. मे महिन्याच्या सुट्टीत धाकटा मजेत खेळत होता, तेही आता कळलं. शाळा बंद, व्हिडिओ बंद.

आणि माझा सल्ला का फसला तेही. डाउनलोड ५० चा १५० झाला. अपलोड आधी १० होता, नंतरही १०. बिलावर मोठा आकडा डाउनलोडचाच छापतात, अपलोड विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पण थांबा. आईचा फोन अपलोड वापरतोय हे समजलं. त्यात धाकट्याचं इवलंसं पॅकेट सहाशे मिलिसेकंद का थांबावं? हा सगळ्यात रंजक भाग आहे, आणि याला नाव आहे: बफरब्लोट.

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आधीचे दिवस, तुम्ही चकलीच्या भाजणीचा छोटा डबा घेऊन गेलात. दळायला दोन मिनिटं. पण तुमच्या पुढे एका लग्नघरचे चाळीस डबे. गिरणीवाल्याची पडवी मोठी, तो कुणालाच नाही म्हणत नाही, ‘ठेवा रांगेत’. तुमचा डबा एक्केचाळिसावा. गिरणीचा वेग कमी झालेला नाही, ती पूर्ण जोरात चाललीय. तुमची वाट बघणं मात्र तासाचं झालं.

राउटर आणि मोडेममध्ये अशीच पडवी असते, तिला बफर म्हणतात. समजा त्यात एक एमबी मावतं. एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट. लाइन सेकंदाला दहा मेगाबिट पाठवते. भरलेली पडवी रिकामी व्हायला ०.८ सेकंद. म्हणजे नव्याने आलेल्या प्रत्येक पॅकेटला ८०० मिलिसेकंद थांबावं लागणार, मग ते कितीही छोटं असो. आमचे ६२० कुठून आले ते दिसलं ना.

पडवी भरतेच का? कारण फोन अपलोड करताना वेग वाढवत जातो, आणि वाटेत पॅकेट हरवलं की समजतो, रस्ता भरला, जरा मागे येऊ. इंटरनेटची शिस्त या हरवण्यावर उभी आहे. पण कंपन्यांनी, मेमरी स्वस्त झाल्यावर, पॅकेट हरवू नये म्हणून मोठमोठ्या पडव्या बांधल्या. हरवतच नाही, म्हणून फोनला कळतच नाही, म्हणून तो डबे आणून ठेवतच राहतो. चांगल्या हेतूने केलेली गोष्ट अंगाशी आली.

२०१० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये असलेल्या जिम गेटिस यांना घरून मोठ्या फाइली कॉपी करताना दिसलं की पिंग सेकंदाच्याही वर जातोय. इंटरनेट बनवणाऱ्या पिढीतला माणूस, आणि स्वतःच्या घरचं नेट अडकतंय! बफरब्लोट हा शब्द त्यांच्यामुळे रूढ झाला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. त्यात पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजायचं, आणि फार वेळ होऊ लागला तर मुद्दाम एखादं टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणारा सावध होतो. मग डेव्ह टॅट आणि बाकी मंडळींनी त्याला जोड दिली की प्रत्येकाची रांग वेगळी ठेवायची. म्हणजे गिरणीवाला आता लग्नघराचा एक डबा, मग तुमचा एक डबा, असं दळतो, आणि पडवी भरायला लागली की लग्नघराला सांगतो, बाकीचे नंतर आणा. याचं नाव एफक्यू-कोडेल. डेव्ह टॅट २०२५ मध्ये गेले. आपल्यातल्या किती जणांच्या मॅच त्यांच्यामुळे नीट चालतात, आणि नाव कुणाला माहीत नाही.

तुमच्या घरी हा आजार आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. फोनवर फास्ट डॉट कॉम उघडा, चाचणी संपली की ‘शो मोअर इन्फो’ दाबा. तिथे लेटन्सीचे दोन आकडे येतात, अनलोडेड आणि लोडेड. पहिला म्हणजे रिकाम्या लाइनवर, दुसरा भरलेल्या लाइनवर. १५ आणि ३० असेल तर छान. १५ आणि ४०० असेल तर तुमची पडवी मोठी आहे. स्पीडटेस्टचं अ‍ॅपही आता साधा, डाउनलोडचा आणि अपलोडचा असे तीन पिंग वेगळे दाखवतं. आपण सगळे तो मोठा गोल काटा बघतो आणि बंद करतो, खरी माहिती त्या बारीक अक्षरांत असते.

उपाय. फुकटातला पहिला: बॅकअपची वेळ बदला. मी आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, ‘अरे मग आधी विचारायचं ना मला. दोन महिने हा पोरगा चिडचिड करतोय, जेवताना बोलत नाही, मला वाटलं परीक्षेचं टेन्शन.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही नेटवाल्याला विचारलं, गूगलला विचारलं, बाबांचे पैसे खर्च केले. आईच्या फोनचाही नेटशी संबंध असेल असं दोघांनाही सुचलं नाही.

ती लगेच म्हणाली, बंदच करते बॅकअप. मी म्हटलं, अजिबात नाही. तुझे वर्गाचे व्हिडिओ गेममुळे जायचे नाहीत. उपाय असा हवा की दोन्ही चालेल.

दुसरा उपाय, जुन्याच राउटरमध्ये. बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘क्यूओएस’ असतं. तिथे आईच्या फोनला अपलोडची मर्यादा घातली, ४ एमबीपीएस. लाइन १० ची, त्यामुळे पडवी भरेना. पिंग २५ च्या आत. रविवारी रात्री धाकटा पहिल्यांदा अख्खी मॅच न अडकता खेळला. पण हा ठिगळाचा उपाय आहे. उद्या बाबांनी मोठा व्हिडिओ पाठवला, कुणी व्हिडिओ कॉलवर बसलं, सीसीटीव्ही कॅमेरा आला, की पुन्हा तेच.

तिसरा, पक्का. ज्या राउटरमध्ये एसक्यूएम आहे तो घ्यायचा. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरमध्ये ते टाकता येतं, त्यात एफक्यू-कोडेल किंवा त्याचं पुढचं भावंड केक निवडायचं. आणि एक महत्त्वाची गोष्ट, अपलोडचा आकडा खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी भरायचा. आमची लाइन १० ची, मी ९ भरला. सोडून दिलेला तो एक एमबीपीएस वाया गेला असं वाटेल. पण त्यामुळे रांग नेटवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि गिरणीवाला आपण असतो. आकडा पूर्ण दहाचा ठेवलात तर रांग पुन्हा पलीकडच्या पडवीत जाते आणि एवढी मेहनत पाण्यात. आम्हाला तो राउटर साडेतीन हजारांच्या आत बसला. बुधवारी रात्री नऊला आईचा बॅकअप जोरात चालू, आणि पिंग १८, २१, १९, २४.

आता बाकीची कारणं भराभर, कारण ती असतात, पण त्यात घरी बसून करण्यासारखं कमी आहे.

खरंच नेटवाल्याकडे गर्दी असेल तर? मग पुरावा असा गोळा करा: राउटर काढा, लॅपटॉप वायरने थेट जोडा, घरातलं दुसरं काही जोडलेलं नको, आणि सकाळी सात आणि रात्री साडेनऊ असे दोन वेळचे पिंग चारपाच दिवस टिपा. सकाळी १५ आणि रात्री १५० येत असेल तर दोष त्यांचा, आणि स्क्रीनशॉट दाखवून बोललात तर समोरचा ऐकतो. आवाज चढवायची गरज पडत नाही. मी हे शिकलो.

सर्व्हर लांब असेल तर उपाय नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर, जाऊन येऊन ७,८०० म्हणजे ३९ मिलिसेकंद फक्त प्रकाशाच्या प्रवासाचे. केबल सरळ जात नाही, मध्ये यंत्रं असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. गेमच्या सेटिंगमध्ये रीजन चुकून दुसरं निवडलेलं नाही ना, हे बघा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, तरी मित्राच्या नादाने सिंगापूरला खेळणारे मला भेटलेत. आणि परदेशातल्या मित्राशी खेळताना एका दिवशी अचानक पिंग वाढला तर समुद्राखालच्या केबलकडेही बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतासह बऱ्याच देशांना त्याचा फटका बसला होता.

पिंग कमी करून देतो म्हणणारी बूस्टर अ‍ॅप्स? तुमच्या नेटवाल्याचा रस्ता खरोखर वाकडा असेल, म्हणजे मुंबईच्या सर्व्हरकडे जाताना तो सिंगापूरहून वळसा घेत असेल, तर कधीकधी व्हीपीएनने फरक पडतो. ट्रेसमध्ये ते दिसतं. पण आजार वायफायचा किंवा पडवीचा असेल तर ही अ‍ॅप्स फक्त अजून एक थांबा वाढवतात. पैसे भरण्याआधी तीन खिडक्या उघडा.

मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथे पडवी टॉवरवर असते आणि ती तुमच्या हातात नाही. फोन सारखा ४जी-५जी बदलत असेल तर एकावर स्थिर ठेवून बघा, खिडकीजवळ बसा, मागे चालणारे अपडेट थांबवा. स्थिर ६० चा पिंग, १५ वरून २०० वर उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा कधीही चांगला. साठ असले तर हाताला सवय होते, उड्यांची होत नाही.

लाइनच्या त्या माणसाला मी सोमवारी फोन केला, सॉरी म्हणालो. तो हसला. म्हणाला, ‘आठवड्यात चार घरी हेच असतं दादा, लोक ऐकत नाहीत म्हणून आता राउटर काढूनच दाखवतो.’

शनिवारी टीम सेमीफायनलला हरली. रात्री उशिरा धाकट्याचा मेसेज आला: ‘पिंग १९ होता. शेवटचा शॉट माझाच चुकला.’ खाली आईचा व्हॉइस मेसेज, तिचा प्रश्न होता की फोन आता नऊला चार्जिंगला लावला तर चालेल ना.

चालेल, आई.